डोळ्यांमधले अंतर आणि प्राक्तनाचा प्रश्न

दोन्ही डोळ्यांच्या हाडांच्या खोबणी जन्मतःच एकमेकींपासून नेहमीपेक्षा दूर असणे, या अवस्थेला वैद्यकात ऑर्बिटल हायपरटेलोरिझम म्हणतात. एडिंबरोचे शल्यविशारद डेव्हिड ग्रेग यांनी १९२४ मध्ये तिचे वर्णन करून तिला हायपरटेलोरिझम हे नाव दिले. ती शस्त्रक्रियेने दुरुस्त करता येते, हे फ्रेंच शल्यविशारद पॉल टेसिए यांनी १९६७ मध्ये रोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत दाखवून दिले. वैद्यकापुरते पाहिले तर विषय इथेच संपतो. पण वेगळ्या चेहऱ्याचे मूल घरात जन्मले की वैद्यकाच्या आधी धर्माचे प्रश्न उभे राहतात. हे असे का झाले? या रूपाचा आणि त्या माणसाचा संबंध काय? आणि जन्माने आलेले रूप बदलावे का?

या प्रश्नांना मिळालेली जुनी उत्तरे तपासायला रायगड जिल्ह्याचा आतला भाग, म्हणजे महाड आणि पोलादपूर तालुके, विशेष सोयीचा आहे. कोकण रेल्वेच्या वीर स्थानकावर उतरून महाडला गेले की गांधारपाल्याची बौद्ध लेणी लागतात. महाड शहरात १९२७ साली मनुस्मृतीचे दहन झाले. सह्याद्रीच्या कुशीतल्या शिवथरघळीत दासबोधाचे लेखन झाले, अशी समर्थ संप्रदायाची श्रद्धा आहे. जन्म, देह आणि कर्म यांविषयीचे तीन वेगवेगळे विचार या एका परिसरात नांदले आहेत.

अवस्था आणि तिची कारणे

गर्भाचा चेहरा साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यात आकाराला येतो. सुरुवातीला डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, जवळजवळ विरुद्ध दिशांना तोंड करून असतात. चेहऱ्याचा मधला भाग घडत जातो तसतसे ते पुढे येतात, आणि जन्माच्या वेळी दोन्ही खोबणींच्या अक्षांत सुमारे ७० अंशांचा कोन उरतो. मधल्या भागाची घडण बिघडली किंवा वाटेत काही आड आले, तर हे सरकणे अपुरे राहते.

आड येणाऱ्या गोष्टी अनेक आहेत. कधी नाक-कपाळाच्या मधोमध फट राहते. कधी कवटीच्या तळाला राहिलेल्या छिद्रातून मेंदूचे आवरण, काही वेळा मेंदूचा भागही, नाकाच्या मुळाशी फुगवटा होऊन बाहेर येतो. कधी क्रूझॉन किंवा एपर्ट सिंड्रोमप्रमाणे कवटीचे सांधे वेळेआधीच जुळून येतात. म्हणून हायपरटेलोरिझम हा स्वतंत्र आजार मानला जात नाही. निरनिराळ्या बिघाडांचे ते एक समान लक्षण आहे.

निदान नुसत्या नजरेने करता येत नाही. नाकाचे मूळ बसके असले, किंवा डोळ्यांचे आतले कोपरे तेवढे लांब असले, तरी डोळे दूर असल्याचा भास होतो. अशा मुलाच्या हाडांच्या खोबणी जागच्या जागी असू शकतात. म्हणून सीटी स्कॅनवर दोन खोबणींच्या आतल्या भिंतींमधले अंतर मोजतात. प्रौढ माणसात ते सुमारे २५ मिलिमीटर असते. टेसिए यांच्या वर्गवारीत ३० ते ३४ मिलिमीटर ही पहिली श्रेणी, त्यापुढे चाळिशीच्या आतली दुसरी आणि ४० मिलिमीटर व अधिक ही तिसरी. माणसाच्या रूपाविषयीचा एवढा मोठा धार्मिक वाद पंधरा-वीस मिलिमीटर हाडाभोवती फिरतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दोष कोणाचा

जन्मजात व्यंगाची पहिली झळ आईला लागते. ग्रहणात गरोदर बाईने विळी-सुरीला हात लावू नये, काही चिरू नये, घराबाहेर पडू नये, ही समजूत कोकणात अजून पाळली जाते. ग्रहणभर ती बाई एका जागी बसून राहते, तहान लागली तरी पाण्याचा घोट घेत नाही. एवढे करूनही मूल वेगळ्या चेहऱ्याचे जन्मले, तर कुठेतरी पाळणूक चुकलीच असणार असे ठरवले जाते. विज्ञानाचा पुरावा याच्या उलट आहे. ग्रहणाचा आणि चेहऱ्याच्या घडणीचा कसलाही संबंध आढळलेला नाही. एपर्ट सिंड्रोमला कारण होणारा जनुकीय बदल बहुधा कुटुंबात आधी कोणालाच नसतो, आणि तो जवळजवळ नेहमी पित्याच्या बीजपेशीत नव्याने घडलेला असतो. त्यातही पित्याचा काही अपराध नसतो. पेशी विभागताना होणारी ती एक नकळत चूक असते.

दुसरा आरोप त्या मुलावरच येतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पूर्वजन्मीची पापे आणि या जन्मीची व्यंगे यांची यादीच आहे. सोने चोरणाऱ्याची नखे बिघडतात, मद्य पिणाऱ्याचे दात काळे होतात, घोडा चोरणारा लंगडा जन्मतो. आंधळे, बहिरे, मुके आणि विकृत आकृतीचे लोक उरलेल्या पापामुळे तसे जन्मतात व सज्जनांच्या निंदेला पात्र होतात, असा तिचा निष्कर्ष आहे. इथे व्यंग ही शिक्षा ठरते आणि तिरस्कार हा त्या शिक्षेचा रास्त भाग ठरतो.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच ग्रंथाचे दहन झाले. दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी पिऊन अस्पृश्यांनी आपला हक्क बजावला होता. परिषदेचा रोख जातिभेदावर होता. व्यंगांची ती यादी तिथे चर्चेचा विषय नव्हती. पण दोन्हींच्या मुळाशी तर्क एकच आहे. जन्माने जे मिळाले ते पूर्वकर्माचे फळ, म्हणून जन्मावरूनच माणसाची लायकी ठरवावी, असा तो तर्क. महाडच्या अग्नीत जातीपुरता तो नाकारला गेला असेल, तर चेहऱ्यापुरता तो शिल्लक ठेवण्याला काहीच आधार उरत नाही.

आयुर्वेदाने या बाबतीत अधिक सावध भूमिका घेतली. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाच्या विकृतीची कारणे सांगताना बीज, आत्म्याचे कर्म, गर्भाशय, काळ आणि आईचा आहारविहार असे अनेक घटक एका ओळीत मांडले आहेत. कर्म तिथे आहे, पण ते एकटे नाही. सुश्रुताने स्त्री-पुरुषांच्या बीजातून येणारे आजार वेगळे आणि गर्भावस्थेत उद्भवणारे आजार वेगळे असा भेद केला. चरकाच्या विमानस्थानात दैव आणि पुरुषकार यांची तुलना येते. दैव म्हणजे मागच्या जन्मीचे कर्म, पुरुषकार म्हणजे या जन्मीचा प्रयत्न. आणि बलवान प्रयत्न दुबळ्या दैवाला मागे सारतो, असा तिथला निर्वाळा आहे. सारेच आधी ठरलेले असेल तर औषधाला अर्थ उरणार नाही, हा वैद्याचा युक्तिवाद होता.

गांधारपाल्याच्या लेण्यांत राहिलेल्या भिक्खूंच्या परंपरेत हा प्रश्न आणखी थेट विचारला गेला. संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, हे म्हणणे खरे का. बुद्ध त्याला पित्त, कफ, वात, तिन्हींचा संयोग, ऋतुबदल, बिघडलेली दिनचर्या, बाहेरचा आघात आणि कर्म अशी आठ कारणे सांगतात. सर्व काही पूर्वकर्मानेच होते असे म्हणणारे लोक स्वतः जाणलेल्या व जगाने मान्य केलेल्या गोष्टींच्या पलीकडे जातात, असे ते बजावतात. त्याच पाली साहित्यात कुरूपतेचा संबंध मागच्या जन्मीच्या क्रोधाशी जोडणारे सुत्तही आहे. परंपरा एकसुरी नव्हती. पण सीवकाला दिलेल्या उत्तरात एक कसोटी हाती लागते: जे जाणता येत नाही त्याच्या बळावर कोणावर दोष ठेवू नये.

कर्मसिद्धान्त मानणाऱ्यालाही ही कसोटी नाकारता येत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्माची गती गहन आहे असे सांगितले आहे. ती गहन असेल, तर शेजारच्या घरातल्या तान्ह्या मुलाचे प्रारब्ध वाचण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. संचित (साठलेले), प्रारब्ध (भोगाला आलेले) आणि क्रियमाण (आता घडत असलेले) या तीन कर्मांपैकी माणसाच्या हाती फक्त क्रियमाण आहे. म्हणजे मूल असे का जन्मले हा प्रश्न श्रद्धावंताने देवावर सोडावा, आणि आता त्याच्याशी कसे वागायचे हा प्रश्न स्वतःच्या कर्माचा मानावा. ख्रिस्ती शास्त्रातही हाच प्रश्न येतो. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य एका जन्मांधाकडे पाहून पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे, असे विचारतात. येशू दोन्ही नाकारतो आणि त्या माणसाकडे वळतो.

चेहरा आणि माणूस

रूप आणि माणूस यांच्या संबंधाची सर्वांत बोलकी कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. कहोड ऋषींचे वेदपठण चुकते आहे असे गर्भातल्या मुलाने दाखवून दिले, आणि रागावलेल्या पित्याच्या शापाने ते मूल आठ ठिकाणी वाकडे जन्मले. तोच अष्टावक्र. पुढे जनकाच्या सभेत त्याने बंदी नावाच्या पंडिताला वादात हरवले आणि त्या पंडिताकडून हरून पाण्यात बुडवले गेलेल्या आपल्या पित्याला परत मिळवले. मग पित्याच्या सांगण्यावरून समंगा नदीत स्नान करताच त्याचे अंग सरळ झाले.

या कथेतल्या तीन गोष्टी विचारात घेण्यासारख्या आहेत. व्यंगाचे कारण मुलाचे पाप नाही. मूल तर बरोबर बोलत होते, चूक पित्याच्या क्रोधाची होती. सभेचा मान त्याला वाकड्या अंगानेच मिळाला. सरळ होण्याची अट कोणी घातली नाही. आणि तरीही, संधी आली तेव्हा देह सरळ करून घेण्यात कथेला काही गैर वाटत नाही. आत्मज्ञानाचा एवढा मोठा अधिकारी नदीत उतरतो आणि बरा होऊन बाहेर येतो.

वारकरी परंपरेत चोखोबांनी वाकड्या उसाचा दाखला देऊन बाहेरच्या आकारावरून आतल्या रसाची पारख होत नाही हे सांगितले. हा विचार महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेला आहे, निदान भजनात तरी. व्यवहारात मात्र डोळे लांब लांब असलेल्या मुलाला पाहून लोक थबकतात, कुजबुजतात, नाहीतर नजर चुकवतात. कधी उलटेही घडते. असे मूल देवाचा अवतार ठरते आणि त्याच्यापुढे नारळ फुटतात. तिरस्कारात जसे त्याचे मूलपण नाकारले जाते, तसेच पूजेतही. त्याला शाळेचा बाक हवा असतो, गाभारा नको असतो.

समर्थांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकात, चातुर्याच्या समासात, या प्रश्नाला व्यवहाराच्या अंगाने हात घातला आहे. रूप-लावण्य अभ्यासाने मिळत नाही, उपजत गोष्टींवर इलाज चालत नाही, म्हणून प्रयत्नाने येणारे गुण जोडावेत, असा त्यांचा उपदेश आहे. सतराव्या शतकातल्या वैद्यकाच्या मर्यादेत हे म्हणणे बरोबरच होते, आणि त्यातला गुणांविषयीचा भाग आजही टिकून आहे. रूपाविषयीच्या भागात मात्र टेसिए यांच्या कामाने फरक पडला. उपजत रूपालाही काही प्रमाणात उपाय मिळाला. जिथे उपाय नव्हता तिथे समाधान हा धर्म होता. जिथे उपाय आहे तिथे तो करावा की नाही हे ठरवणे हा नवा धर्मप्रश्न झाला.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

टेसिए यांच्याआधी चेहऱ्याचे शल्यविशारद कवटीच्या आत शिरायला धजत नव्हते. बाहेरून नाकाचे हाड काढले तरी खोबणी जागच्या हलत नसत. मेंदूशल्यविशारद जेरार गियो यांच्या साथीने टेसिए यांनी कवटीच्या आतून वाट काढली.

एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, केसांच्या आत लपेल असा छेद घेऊन कपाळाची कातडी खाली उलटवतात. मेंदूशल्यविशारद कपाळाचे हाड काढून मेंदूचा पुढचा भाग हळुवार मागे धरतो. मग प्रत्येक खोबणीभोवती चारही बाजूंनी हाड कापतात. खोबण भिंतीतून सुट्या केलेल्या खिडकीच्या चौकटीसारखी मोकळी होते. मधले जादा हाड काढून दोन्ही चौकटी डोळ्यांसकट एकमेकींजवळ सरकवतात. बाहेरच्या बाजूला पडलेली फट हाडाच्या तुकड्यांनी भरतात आणि सारे पट्ट्या व स्क्रूंनी पक्के करतात. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांचे बंध नव्या जागी बांधतात आणि बरगडीचे किंवा कवटीचे हाड वापरून नाक उभारतात.

खोबणीचे सर्वांत मागचे टोक, जिथून दृष्टीची नस मेंदूकडे जाते, ते मात्र तसेच ठेवतात. त्यामुळे नसेवर ताण न येता डोळे सरकू शकतात. याच एका शारीरिक सत्यावर ही सारी शस्त्रक्रिया उभी आहे. नेदरलँड्सचे फान डेर म्यूलेन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या दुसऱ्या पद्धतीत कपाळ-नाकाच्या मध्यातून व्हीच्या आकाराचे हाड काढून वरच्या जबड्यासह चेहऱ्याचे दोन्ही अर्धे भाग आत फिरवतात.

शस्त्रक्रिया बहुधा पाच ते आठ वर्षांच्या दरम्यान करतात. त्याआधी हाडे नाजूक असतात आणि कायमच्या दातांचे अंकुर जबड्यात वर असल्याने त्यांना इजा होण्याचा संभव असतो. धोके लहान नाहीत: मोठा रक्तस्राव, मेंदूभोवतीच्या पाण्याची गळती, जंतुसंसर्ग, तिरळेपणा आणि क्वचित दृष्टी जाणे. वाढीबरोबर पुन्हा छोट्या दुरुस्त्या लागू शकतात.

बदलावे का

मेंदूचे आवरण बाहेर आले असेल किंवा कवटीच्या आत दाब वाढत असेल, तर त्या बिघाडावरची शस्त्रक्रिया जीव आणि बुद्धी वाचवण्यासाठी असते. तिथे वाद नाही. पण नुसते डोळे दूर असतील तर दृष्टीला फारसा अडथळा येत नाही. मग लाभ मुख्यतः चेहऱ्याचा आणि लोकांत वावरण्याचा असतो. नैतिक प्रश्न तिथे खरा उभा राहतो.

पहिला आक्षेप असा की ईश्वराने दिलेले रूप बदलू नये. महाड परिसरातल्या कोकणी मुस्लिम समाजातही हा प्रश्न विचारला जातो, कारण अल्लाहची निर्मिती बदलण्याविरुद्ध कुराणात इशारा आहे. पण नटण्यासाठी केलेला बदल आणि व्यंग दूर करण्यासाठी केलेला उपचार यांत फकीह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे जाणकार, भेद करतात. लढाईत नाक गमावलेल्या अरफजा यांना पैगंबरांनी सोन्याचे नाक लावण्याची मुभा दिल्याची हदीस त्यासाठी आधाराला घेतली जाते. हिंदू परंपरेत सुश्रुताने कापलेले नाक नव्याने घडवण्याची रीत सांगितली. टिपूविरुद्धच्या युद्धात नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कुंभाराने कपाळाच्या कातडीतून नवे नाक घडवून दिले. त्याचे वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आले आणि युरोपने ती विद्या तिथून उचलली. चेहरा दुरुस्त करणे अधर्म आहे, असे या देशाने कधी मानले नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. कावसजीला त्याचे गेलेले नाक परत मिळाले. हायपरटेलोरिझम असलेल्या मुलाला मात्र दुसरा चेहरा कधी नव्हताच. मग दुरुस्ती कशाची? याला एक उत्तर गर्भविज्ञान देते. डोळे पुढे येण्याची क्रिया प्रत्येक गर्भात सुरू होते, आणि शस्त्रक्रिया त्या अर्ध्यावर थांबलेल्या क्रियेला पुढे नेते. उत्तर समर्पक आहे, पण ते हाडांपुरतेच लागू करावे. हाडांची वाढ अपुरी राहिली म्हणून माणूस अपुरा ठरत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. दोष बघणाऱ्यांच्या नजरेत असेल, तर शस्त्र मुलाच्या कवटीवर का चालवायचे? कुष्ठरोगाच्या बाबतीत महाराष्ट्राने हा प्रश्न अनुभवला आहे. औषधाने रोग बरा झाला तरी बसलेले नाक आणि वाकडी बोटे पाहून माणसाला घरात घेतले जात नसे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा करणारे डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याला अशा रुग्णांचे चेहरे आणि हात दुरुस्त करण्याचे काम केले. समाजाची नजर बदलेपर्यंत त्या माणसांना थांबवून ठेवणे न्यायाचे नव्हते. तोच न्याय इथे लागतो. समाज सुधारावा हे खरे, पण त्या सुधारणेची किंमत एका मुलाने आपल्या बालपणातून मोजावी अशी अपेक्षा करता येत नाही.

सहा-सात वर्षांच्या मुलाचा निर्णय आईबाप घेतात. मूल स्वतः ठरवण्याइतके मोठे होईपर्यंत थांबावे, तर शाळेची कोवळी वर्षे निघून जातात. म्हणून धोके पूर्ण समजून घेणे, मुलाला त्याच्या समजुतीप्रमाणे सांगणे, ते घाबरले असेल तर ऐकून घेणे आणि नको म्हणण्याची मोकळीक असणे, हे निर्णयाच्या धर्म्यतेचे भाग आहेत. शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णयही तितकाच सन्माननीय आहे.

कर्तव्य

जन्मजात दोष लवकर ओळखण्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्याची फिरती पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांना तपासतात. अशी शस्त्रक्रिया मात्र मेंदूशल्य आणि प्लास्टिक सर्जरी हे दोन्ही विभाग एकत्र काम करतात अशा मोठ्या शहरातल्या रुग्णालयातच होऊ शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिड हल्ल्यातील पीडितांना स्थान मिळाले, पण चेहऱ्याच्या जन्मजात वेगळेपणाची स्वतंत्र नोंद त्याच्या यादीत नाही. जिथे कायदा पोचत नाही, तिथे शेजाऱ्याचे वागणेच त्या मुलाचे संरक्षण ठरते.

प्राक्तनाचा प्रश्न इथे निकालात निघतो. कारण शोधण्याचे काम गर्भविज्ञानाचे आहे, आणि त्याने आई व मूल दोघांनाही निर्दोष ठरवले आहे. धर्माचे काम कर्तव्य ठरवण्याचे आहे, आणि अष्टावक्राच्या कथेने त्याचा क्रम घालून दिला आहे: मान आधी, उपचार नंतर. महाड-पोलादपूरच्या कोणत्याही वाडीत असे मूल जन्मले तर आईला बोल लावू नये, अंगाऱ्या-धुपाऱ्यात वर्षे दवडू नयेत, वेळेवर तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. आणि शस्त्रक्रिया होवो अथवा न होवो, बारशाला, शाळेत आणि लग्नाच्या पंगतीत त्या मुलाला इतर कोणाइतकाच पूर्ण मान द्यावा.